गोळीचे तीन दिवस आणि चौथा

मी ब्लाऊज शिवते. उस्मानपुऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे आणि वीसेक वर्षं मी या भागातल्या बायकांच्या छातीची मापं घेत आलेय. कुणाची एक बाजू किंचित खाली आहे, कोण बाळंतपणानंतर दोन इंच भरली, कोण जिमच्या नादात उतरली, हे मला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळतं. एवढी मी हुशार, पण माझ्या स्वतःच्या छातीतली गाठ मला कळली ती भाच्याच्या लग्नासाठी स्वतःचं माप घेताना, टेप धरलेल्या बोटांना लागली म्हणून. पाच वर्षं मी वहीतलं जुनंच माप वापरून स्वतःचे ब्लाऊज शिवत होते. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर मी त्याला दारातनं परत पाठवलं असतं.

गाठ निघाली, तिच्याबरोबर ती बाजू गेली, आणि काखेतल्या दोन गाठींपर्यंत कॅन्सर पोचलाय असं रिपोर्टात आलं. पुढं कुठं गेलेला दिसत नाही, पण न दिसणारं काही असलं तर म्हणून सहा किमो, दर तीन आठवड्यांनी एक. तेव्हापासून आमच्या घरात 'पसरणे' हे क्रियापद कुणी वापरेना. चादरसुद्धा आम्ही टाकायचो.

आता त्या दिवसांबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना केस, उलट्या, तोंड येणं हे ऐकायचं असतं. ते सगळं झालं, ते सांगण्यासारखं नाही. मला जे आठवतं ते सांगितलं तर लोक नजर चुकवतात. मला आठवतं ते हे, की त्या चार-साडेचार महिन्यांत काही दिवस मी इतकी खूश होते, जितकी लग्नातही नव्हते. दर किमोला तीन दिवस. आदला दिवस, किमोचा दिवस आणि दुसरा दिवस. सकाळी जेवून दोन आणि संध्याकाळी जेवून दोन अशा पांढऱ्या बारीक गोळ्या असत. आम्ही त्यांना गोळीचे दिवस म्हणायचो.

गोळी स्टेरॉइडची. किमोचं औषध शिरेतून आत गेलं की काहींचं अंग त्याच्याशी भांडायला उठतं, पुरळ येतं, सूज येते, श्वास अडकतो. म्हणून आधीपासूनच ही दाह दाबणारी गोळी देऊन अंगाला गप करून ठेवायचं, असं डे-केअरमधल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी समजावलं. अंग गप झालं खरं, तोंड मात्र सुटलं. यानं झोप कमी होईल, भूक वाढेल, जरा चिडचिड होईल, असंही ती म्हणाली होती. मन हवेत जाईल हे तिनं सांगितलं नव्हतं, नाहीतर मी तयारीत राहिले असते.

पहिल्या वेळी मी पहाटे पाचला उठले आणि दूधवाला यायच्या आत स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून, पुसून, उंचीप्रमाणे लावून ठेवले. मग नवऱ्याला उठवलं. ते वाळूजला एका कंपनीत आहेत, त्यांना नेमकी त्या दिवशी सुट्टी होती, आणि कारण कळल्याशिवाय ते कूस बदलत नाहीत.

"अहो, चला हर्सूलला."

"हर्सूलला काय आहे?"

"तलाव."

"तो कुठं चाललाय," म्हणाले, पण उठले. बायकोला कॅन्सर झाला की नवरे उठतात. सहा वाजता आम्ही स्कूटरवर, माझ्या डोक्यावर दोन पदरी रुमाल, आणि मी मागे बसून गातेय. वाटेतल्या जेलच्या फाटकावरच्या शिपायाला मी हात केला. त्यानंही गोंधळून केला. तलावाला पाणी बेताचंच होतं, पण मला ते इतकं आवडलं की मी तिथं फिरायला आलेल्या दोन अनोळखी बायकांना थांबवून त्यांना दाखवलं.

घरी येऊन मी पिठलं आणि चार भाकरी खाल्ल्या. मग चुलत जावेला फोन लावला. तिच्याशी माझं नऊ वर्षं बोलणं नव्हतं, एका साडीवरून, आणि चूक तिचीच होती. माझा आवाज ऐकून तिला वाटलं मी शेवटचं बोलायला फोन केलाय. ती हमसून हमसून रडायला लागली, मला माफ कर म्हणाली, साडी परत देते म्हणाली. मी तिला सांगायला फोन केला होता की आज कोबी फार ताजा मिळालाय. हे सांगितल्यावर ती आणखीनच रडली.

काम करायला मॅडमनी, म्हणजे माझ्या डॉक्टरांनी, परवानगी दिली होती. हलकं काम करा म्हणाल्या होत्या. हलकं म्हणजे किती, हे मी मुद्दाम विचारलं नाही. ऑपरेशनच्या बाजूचा हात जपत मी एका दिवसात सात ब्लाऊज उडवले. त्यातल्या एकाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लागल्या, पण शिलाई देखणी होती. गल्लीतली एक जुनी गिऱ्हाईक दारात उभी राहून माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाजी, ये गोली मेरेकू भी दिलाव ना. घर का काम खतमच नै होता." मी तिला म्हटलं, गोळी मिळेल, पण तिच्याबरोबर जे घ्यावं लागतं ते तुला परवडायचं नाही. ती हसली आणि मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं माझा हात धरला. मी तेवढ्यात तिचं नवीन माप घेऊन टाकलं.

किमोच्या खोलीत तर विचारू नका. सहा खुर्च्या, सहा बायका, सहा बाटल्या, आणि मधे मी. कुणाचं माप काय असेल ते मी नुसत्या नजरेनं सांगायची. एक बाजू गेलेल्या बाईच्या ब्लाऊजला आत कापसाचा खिसा कसा लावायचा, तो धुवायला कसा काढायचा, हे मी एका हाताला सुई असताना दुसऱ्या हातानं हवेत कापून दाखवायची. एक बाई इतकी हसली की तिचं सलाइन बंद पडून मशीन ओरडायला लागलं. सिस्टर म्हणाली, "ताई, तुम्ही आलात की टीव्ही लावावा लागत नाही."

आणि मग चौथा दिवस. चौथ्या दिवशी गोळी नसायची. हाडं दुखायची, तोंडाला चव नसायची, आणि मी मशीनपाशी जमिनीवर बसून रडायची, कारण दोरा सुईत जात नव्हता. नवरा म्हणायचे, दे इकडं, मी ओवतो. ते ओवायचे आणि मग मी ते ओवलं म्हणून रडायची.

हे सगळं बघायला घरात आणखी एक माणूस होतं. माझी आई. ऑपरेशनच्या आठवड्यात ती एक पिशवी घेऊन आली ती राहिलीच. आमचं माहेर अजिंठ्याकडचं, घर मेंढपाळांचं. भाऊ अजून शंभरेक मेंढरं राखतो. आईनं सगळं आयुष्य कळपामागं काढलेलं, त्यामुळं माणसाचं तोंड काय म्हणतंय याकडं तिचं फारसं लक्ष नसतं. माणूस उठतं कसं, खातं कसं, पाय कुठं टाकतं, ते ती बघते. दारापाशी भिंतीला टेकून बसायची आणि माझ्याकडं बघत राहायची. मला वाटायचं, लेक हसतेय, जेवतेय, आईला बरं वाटत असेल. पण जसजशी मी जास्त हसायची तसतशी ती जास्त गप व्हायची.

तिसऱ्या किमोचा दुसरा दिवस होता. मी मशीनवर, पाय जोरात, तोंड त्याहून जोरात. आई एकदम म्हणाली, "बाय, ही दवा मला ठाऊक हाय."

"कुठली?"

"ती पांढरी. तीन दिस उड्या मारतेत आन् चौथ्या दिशी खाली बसतेत. आपल्या मेंढरांची सुई हाय ती."

मला हसू आलं. गोळीच्या दिवशी मला कशाचंही हसू यायचं. मी लगेच भावाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मेंढरांच्या औषधांच्या पेटीतली ती बाटली काढायला लावली. तो बाटलीवरचं नाव एकेक अक्षर जुळवत वाचत गेला आणि मी माझ्या पाकिटावरच्या नावाशी ताडून बघत गेले. अक्षरागणिक तेच. आई भिंतीला टेकून ऐकत होती. पाकीट वाचता न येणाऱ्या बाईनं मला बघून औषध ओळखलं होतं.

भाऊ खूश झाला. "आक्का, लई भारी सुई हाय ती. मेंढरू उठना गेलं ना, डॉक्टर तीच मारतो. गाभणीला तेवढी द्यायची नाय, गाभ टाकती. बाकी लई भारी."

"बाजारचं सांग तिला," आई म्हणाली.

फोनवर भाऊ जरा घुटमळला. मग आईनंच सांगितलं. रोगट मेंढा बाजारात न्यायचा असला की काही लोक आदल्या दिवशी ही सुई मारतात. मेंढा मान वर करतो, चारा ओढतो, दुसऱ्या मेंढ्यांना धडका द्यायला बघतो. घेणारा भुलतो. चौथ्या दिवशी मेंढा त्याच्या दारात बसतो आणि उठत नाही. माझ्या आजोबांनी एकदाच हा उद्योग केला होता. पाचव्या दिवशी घेणारा माणूस तो मेंढा खांद्यावर घालून सात कोस चालत आला, आमच्या दारात ठेवला आणि एक शब्द न बोलता परत गेला. आजोबांनी त्यानंतर कधी सुईला हात लावला नाही, असं आई म्हणाली. मेंढ्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

"म्हंजी बग," आई म्हणाली, "तुला बरं करीत नायेत. बरी दिसाया लावतेत."

भावानं फोन ठेवला. मी हसले, पण ते हसणं अर्ध्यावर अडकलं.

मी गप बसले असते तर बरं झालं असतं, पण गोळीच्या दिवशी माणूस गप बसत नाही. मी मोबाइल काढला. त्या पांढऱ्या गोळीचं नाव टाकलं आणि पुढं स्तनाचा कॅन्सर टाकलं. पहिल्याच ठिकाणी मी वाचलं, की दाह कमी करणाऱ्या या प्रकारच्या औषधांमुळं स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरायला मदत होऊ शकते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. खाली गेले तर आणखी कुणी लिहिलेलं, की सुजेवरच्या दुसऱ्या साध्या गोळ्यांनी उलट पसरणं आटोक्यात राहू शकेल. त्याखाली कुणी म्हणत होतं, यातलं काहीच नक्की नाही. मी तिन्ही पुन्हा पुन्हा वाचलं आणि लक्षात फक्त पहिलं राहिलं. जे औषध मला तलावावर नाचवत होतं, ते आतल्या त्याला वाट करून देत होतं की काय? आणि ज्या आनंदाचा मी एवढा गाजावाजा करत होते तो आनंद बाजारातल्या मेंढ्याचा होता की काय? मला राग आला. भीतीच्या आधी मला नेहमी राग येतो, ही माझी पद्धत आहे.

मॅडमना विचारावं, हे साधं शहाणपण मला सुचलं नाही असं नाही. सुचलं आणि मी ते बाजूला ठेवलं. त्या हो म्हणाल्या तर आधीच्या तीन वेळच्या गोळ्या काही परत काढता येणार नव्हत्या. नाही म्हणाल्या तर माझा विश्वास बसणार नव्हता. त्यापेक्षा मी माझ्या धंद्यातली युक्ती केली, कापड अंगाला बसेना तर निमूट उसवायचं. चौथ्या किमोच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या दोन गोळ्या तोंडापाशी नेल्या आणि बटणांच्या डब्यात टाकल्या. शर्टाच्या पांढऱ्या बटणांत त्या अशा मिसळल्या की मलाच दिसेनात. संध्याकाळच्या दोनही तिथंच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या दोनही. नवऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, घेतल्या.

आईनं विचारलं नाही. तिनं विचारलं नाही याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

किमोच्या खोलीत मी खुर्चीत बसले. शेजारच्या बाईनं तिच्या ब्लाऊजच्या खिशाबद्दल काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. पलीकडची म्हणाली, आज तब्येत बरी नाही का? मी नाही म्हटलं. सिस्टर बीपीचा पट्टा घेऊन आली आणि पट्टा बांधायचं सोडून माझ्याकडं बघत राहिली.

"ताई, गोळ्या घेतल्या ना कालपासून?"

"घेतल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या," मी म्हणाले, आणि जास्तीचं एक अक्षरही बोलले नाही. माझ्याबाबतीत हा पुरावा पुरेसा होता, पण ती बिचारी कामात होती. तिनं शेजारच्या टेबलावर एक ट्रे आणून ठेवला. त्यात ऑक्सिजनचा मास्क आणि भरून ठेवलेली दोन-तीन इंजेक्शनं होती. हा ट्रे प्रत्येक वेळी तिथं असायचा, असं नंतर मला कळलं. बडबडीच्या नादात मला तो कधी दिसलाच नव्हता.

"हे कशापायी?" स्टुलावर बसलेल्या आईनं विचारलं.

"आजी, औषध आत जायला लागलं की पहिली दहा मिनिटं जपावं लागतं. कुणाकुणाचा श्वास अडकतो. गोळ्या घेतलेल्या असल्या की सहसा नाही होत, तरी आम्ही हाताशी ठेवतो."

सिस्टर बाटली टांगायला लागली. आई त्या ट्रेकडं बघत होती. मग ती उभी राहिली आणि तिनं बाटलीची नळी मुठीत धरली.

"थांबा. हिनं घेतल्या नायेत. बटनाच्या डब्यात हायेत सगळ्या."

सहा खुर्च्यांवरच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी आईवर उखडले. "तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग घरी का नाही बोललीस?"

"मलाबी तेच पायजे व्हतं," आई म्हणाली. "ह्ये सुयांचं ताट दिसलं नसतं तर आताबी बोलले नसते."

मॅडम आल्या. मला वाटलं आता ओरडतील, आणि मी ओरडायला तयार होऊन बसले. त्यांनी एक स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसल्या आणि विचारलं, का नाही घेतल्या? मी सगळं ओकले. उंदीर, मोबाइल, मेंढा, आजोबा, खांद्यावरून सात कोस, सगळं. शेवटी म्हटलं, "मॅडम, खरं सांगा. या गोळीनं तो पसरतो का?"

ते क्रियापद मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं.

"उंदरांत तसं दिसलंय," मॅडम म्हणाल्या. "माणसांत, या तीन तीन दिवसांच्या गोळ्यांनी तसं होतं की नाही, मला नक्की माहीत नाही. अजून कुणालाच नक्की माहीत नाही. मी होत नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल."

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या डॉक्टरनं मला माहीत नाही असं सांगितलं होतं, आणि तेही माझ्याच छातीबद्दल. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. थोडा आधारच वाटला, ते का ते मला अजून सांगता येत नाही.

"पण दोन गोष्टी मला माहीत आहेत," त्या म्हणाल्या. "गोळीशिवाय हे औषध दिलं की काय होऊ शकतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि हे औषध दिलंच नाही तर तो पसरायची भीती किती, तेही मला माहीत आहे. ती भीती उंदरांतल्या भीतीपेक्षा मोठी आहे. पुढच्या वेळी शंका आली तर मला विचारा, डब्याला नको."

मी मान डोलावली. आई मात्र हलली नव्हती. नळी तिच्या मुठीतच होती.

"डॉक्टरीणबाई, ही बाजारची सुई हाय का न्हाय, तेवढं सांगा."

मॅडम हसल्या नाहीत. "आजी, सुई मारून मेंढा विकणारा चौथ्या दिवशी कुठं असतो?"

"गावात नसतो."

"मी चौथ्या दिवशी इथंच असते. दहा ते दोन. लेक खाली बसली तर खांद्यावर घालून आणा आणि माझ्या दारात ठेवा."

आईनं थोडा विचार केला. "आन् ऐतवारी?"

"रविवारी फोन उचलते."

आईनं नळी सोडली आणि उजवा हात पुढं केला, बाजारात सौदा पक्का करताना करतात तसा. मॅडमनी तो हातात घेतला. शेजारच्या खुर्चीवरची बाई हळूच म्हणाली, माझाबी ठरवून घ्या ना आजी. त्यावर सगळी खोली हसली आणि गोळी पोटात नसताना मीही हसले.

त्या दिवशी किमो झाली नाही. मॅडमनी गोळ्या नव्यानं लिहून दिल्या, आज जेवून सुरू करा आणि उद्या या म्हणाल्या. घरी आल्यावर आईनं बटणांचा डबा जमिनीवर पालथा केला. पाच गोळ्या सापडल्या, सहावी शेवटपर्यंत मिळाली नाही. कुणाच्या कापडात गुंडाळून गेली असेल तर देव जाणे, मी त्या आठवड्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून पिशव्या झाडायला लावल्या.

त्या रात्रीचं जेवण लवकर झालं. नव्या पाकिटातल्या गोळ्या आईनं माझ्या हातात दिल्याच नाहीत. मला भिंतीला पाठ लावून बसवलं, समोर गुडघ्यावर बसली, डाव्या हातानं माझी हनुवटी वर केली, गोळ्या जिभेच्या मागं टाकल्या, पाणी दिलं आणि मग दोन बोटांनी माझ्या गळ्यावरून वरून खाली हात फिरवत राहिली, घोट खाली जाईपर्यंत.

"मी मेंढरू आहे का?" मी विचारलं.

"मेंढरू शानं असतंय. तोंड उघड."

तिनं माझा डावा गाल बघितला, उजवा बघितला. मेंढरं गोळी गालात धरून ठेवतात आणि आपण वळलो की थुंकतात, म्हणून. नवरा ताट धरून हे सगळं बघत उभे होते. ते म्हणाले, मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, लग्नापासून. मी त्यांना भाकरीचा तुकडा फेकून मारला. गोळी चढायला लागली होती बहुतेक, किंवा नसेलही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. माझी गाडी रुळावर आली होती. रिक्षात मी रिक्षावाल्याला त्याच्या बायकोच्या ब्लाऊजचा गळा कसा असावा ते सांगितलं. खुर्चीत बसता बसता काल न बोललेलं सगळं बोलायला सुरुवात केली. सिस्टरनं सुई लावली, ट्रे जवळ ओढला, औषध सुरू केलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघत उभी राहिली. आईनं स्टूल पायांकडं घेतलं आणि माझा घोटा हातात धरला. तिची मूठ अजून चांगली घट्ट आहे.

मी बोलत होते. कापसाच्या खिशाबद्दल, जाऊबाईंनी खरंच परत पाठवलेल्या साडीबद्दल, तिचा रंग उडाला होता त्याबद्दल, हर्सूलच्या त्या शिपायाबद्दल.

"ताई, पहिली दहा मिनिटं जरा शांत बसता का?" सिस्टर म्हणाली. "मला तुमचा श्वास बघू द्या."

"बोलू द्या तिला," आई म्हणाली. "बोलती तवर शास हाय."

सिस्टर हसली आणि घड्याळाकडं बघत राहिली. मग मी बोलतच राहिले. भाच्याच्या लग्नाचं बोलले, अजून न शिवलेल्या माझ्या ब्लाऊजचं बोलले, गावाकडं पाऊस कसा आहे ते विचारलं आणि उत्तराला न थांबता पुढं गेले. आणि त्या भरात, बाकीच्या सगळ्या बडबडीच्या मधेच, त्याच आवाजात, त्याच वेगानं माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मला मरायची लई भीती वाटते गं."

ऑपरेशनपासून मी हे कुणाला म्हटलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मी थांबले.

आईनं घोटा सोडला नाही.

"मलाबी वाटती," ती म्हणाली. "पुढं बोल."